झोपेचं सोंग

१

रोज सकाळी प्रयोगशाळेत आल्यावर धाकटी आधी झोपलेल्यांची विचारपूस करायची. ॲप्रन चढवायचा, हात धुवायचे, खिडकीचा पडदा सारायचा आणि नळ्यांचा स्टँड उचलून उजेडात धरायचा. प्रत्येक नळीत नितळ मिठाचं पाणी आणि तळाशी भुरकट साका. तो साका म्हणजे तिच्या ताईच्या छातीतून आलेले जिवाणू. उपाशी ठेवले तरी ते मरत नसत. अंग आखडून तळाशी बसत आणि झोपून जात. पाणी नितळ दिसलं की सगळे झोपेत. गढूळ दिसलं की ते उठले आणि वाढायला लागले. समजायला इतकं सोपं.

ताईचं दुखणंही समजायला असंच सोपं होतं, बरं करायला नव्हतं. औषध सुरू झालं की तिच्या फुप्फुसातले बहुतेक जिवाणू मरत, पण काही नुसतेच झोपत. औषध मारतं ते जागत्याला. झोपलेल्याच्या अंगावरून ते पालथ्या घड्यावरच्या पाण्यासारखं निघून जातं. औषध थांबलं की हे उठायचे आणि ताईला पुन्हा ताप भरायचा. वर्षानुवर्षं हेच चाललेलं. दर खेपेला फुप्फुसाचा एकेक कोपरा कामातून जात होता.

धाकटी परत आली ती यासाठीच. दूरदेशी शिकली, तिथे चालून आलेली नोकरी सोडली आणि इथल्या सरकारी रुग्णालयाच्या तळमजल्यावर, ओल आलेल्या खोलीत येऊन बसली. लोकांनी तिला खुळ्यात काढलं. पण तिला एक गोष्ट ठाऊक होती. जिवाणूंनाही विषाणू लागतात, आणि आपला यजमान कधी झोपेल, कधी उठेल यात ते विषाणू हात घालतात. काही त्याला झोपवून ठेवतात, म्हणजे त्याच्या पोटात आपणही सुखरूप. काही त्याला डोळा लागू देत नाहीत. धाकटीला ही दुसरी जात हवी होती. रुग्णालयामागच्या गटाराच्या पाण्यात ती तिला सापडली. मग दर वेळी जो सगळ्यांत लवकर उठवील तोच निवडायचा, पुन्हा झोपलेल्यांवर सोडायचा, पुन्हा त्यातला सगळ्यांत उतावळा निवडायचा. असं करत करत तिने त्याला धार लावली होती.

त्या सकाळी विषाणू घातलेल्या सगळ्या नळ्या गढूळ झाल्या होत्या. तिने औषधाचे थेंब सोडले. दुपार टळेपर्यंत पाणी पुन्हा नितळ झालं, आणि या खेपेला तळाशी होती ती नुसती मढी. ती एकटीच हसत सुटली. ताई वाचणार होती.

मग तिला स्टँडच्या टोकाची नळी दिसली. ती कंट्रोलची. तुलनेसाठी ठेवलेली, जिच्यात विषाणूचा थेंबही घालायचा नसतो. तीही गढूळ होती.

तिने ती उचलली. काच हाताला किंचित कोमट लागली. उन्हात होती म्हणून असेल. आत पाणी हळूहळू फिरत होतं, चमच्याने ढवळून नुकताच चमचा काढावा तसं. आपल्याच हाताला धक्का लागला असेल. आणि विषाणू? चुकून थेंब उडाला असेल. कंटॅमिनेशन. हे रोज कुठल्या ना कुठल्या प्रयोगशाळेत होतं, आणि त्यावर उपाय एकच असतो. तिने नळी जंतुनाशकात ओतली आणि दुसरी कंट्रोल लावली.

ती नितळ होती.

२

"म्हणजे तुझा इलाज असा," भावोजी म्हणाले, "की चोर घरात झोपलाय, त्याला आधी हाका मारून उठवायचं आणि मग काठी घालायची."

"झोपलेल्या चोराला काठी लागतच नाही, भावोजी. तीच तर गोम आहे."

"झोपलेल्याला उठवता येतं गं, मेहुणीबाई. सोंग घेतलेल्याला कसं उठवणार?"

घराखाली भावोजींचं बियाण्यांचं दुकान होतं. कागदी पाकिटं, काचेच्या बरण्या, आणि कोरड्या मातीचा वास जिन्यावरून वर येणारा. आपला सगळा धंदा झोपेवर चालतो असं ते गिऱ्हाइकांना ऐकवायचे. बी झोपलंय तोवर त्याला भाव, उठलं की त्याला कोण विचारतो.

ताई उशांना टेकून बसली होती. हसायला गेली आणि खोकत राहिली. खोकला ओसरल्यावर रुमाल घडी करून लपवत म्हणाली, "सोंगवाल्यांचं मला विचारा. आई गेली तेव्हा ही एवढीशी. हिला झोपवल्याशिवाय मला कामावर जाता यायचं नाही. मी थोपटायला बसले की ही बया लगेच डोळे मिटून घ्यायची. मला उशीर होऊ नये म्हणून."

"मी खरंच झोपायचे," धाकटी म्हणाली.

"झोपायचीस कसली! पापण्या हलायच्या तुझ्या. मला दिसायचं सगळं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? मला जायचंच होतं." ताईने खिडकीकडे तोंड केलं. "मीही सोंग घ्यायचे. काही दिसलंच नाही असं."

हेच थोपटणं पुढे ताईच्या पोटापाण्याचं साधन झालं. खाली, दुकानामागच्या खोलीत तिने पाळणाघर काढलं. कसलंही रडकं पोर असो, ताईचा हात पाठीवर पडला की दोन दमात घोरायला लागे. कामावर जाणाऱ्या बायका म्हणत, मावशींच्या हाताला गुंगीचं औषध लावलेलं आहे. आता वर्षभर ती खोली बंद होती. छोट्या चटया गुंडाळून कोपऱ्यात उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी धाकटी परवानगीचे कागद घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे गेली. ते भले गृहस्थ, पण चष्मा कपाळावर चढवून बोलायला लागले की समजावं, अडवणार.

"कंट्रोल काय म्हणतेय?" त्यांनी विचारलं.

"शांत आहे, सर."

ते खोटं नव्हतं. त्या सकाळी नवी नळी शांतच होती.

"पुन्हा एकदा सगळं लाव. महिना जाऊ दे."

"ताईकडे महिना आहे का, सर?"

त्यांनी चष्मा खाली घेतला आणि सही केली.

३

वाफेच्या यंत्रातून ताईने तो विषाणू छातीत ओढून घेतला, सोबत नेहमीचं औषध. आठवडाभरात ताप उतरला. मग खोकला गेला. मग एके सकाळी ती कुठेही न थांबता जिना चढून वर आली आणि दारात उभी राहून नुसतीच बघत राहिली, हा जिना आपणच चढलो यावर विश्वास नसल्यासारखी. खाली दुकानात भावोजी तोंड फिरवून बरण्या पुसत बसले. पुसलेल्याच बरण्या त्यांनी पुन्हा पुसल्या.

तपासणीत एकही जिवाणू सापडला नाही. जागा नाही, झोपलेलाही नाही.

चटया पुन्हा अंथरल्या गेल्या. पोरं आली. धाकटी दुपारी जेवायला घरी यायची तेव्हा जिन्यातूनच ताईचं गुणगुणणं ऐकू यायचं, आणि तिला वाटायचं, आपण दूर जाऊन जे शिकलो त्याचा एवढाच उपयोग असेल तरी पुष्कळ झाला.

एक दिवस भावोजींनी तिला खाली दुकानात बोलावलं.

"तुझी ताई झोपत नाही," ते हळूच म्हणाले. "मी कूस बदलली की बघतो. डोळे टक्क उघडे."

"इतकी वर्षं खोकल्याने झोपू दिलं नाही, भावोजी. सवय मोडायला वेळ लागेल."

"मीही हेच म्हटलं." त्यांनी मटाराचं एक पाकीट तिच्या हातात ठेवलं. "आता याला काय म्हणू, सांग."

पाकीट हातात जड लागलं आणि किंचित कुरकुरलं. कागदाला जागोजागी भोकं पडली होती आणि त्यातून पांढरी मुळं बाहेर आली होती.

"ओल लागली असेल."

"दुकान ठणठणीत कोरडं आहे. हात लावून बघ. पाण्याचा थेंब नाही." त्यांनी तिला फळ्या दाखवल्या. मुळा, टोमॅटो, भोपळा. पाकिटामागून पाकीट फुगलेलं, फाटलेलं. मुळं जमिनीकडे जातात, एवढं तर शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. ही खाली जात नव्हती. सगळी आडवी वाढली होती, सगळी एकाच बाजूला, मागच्या भिंतीकडे. त्या भिंतीपलीकडे पाळणाघर होतं.

"जुनं बियाणं असेल," धाकटी म्हणाली.

भावोजी हसले नाहीत. "मेहुणीबाई, जुनं बी उगवत नाही अशी तक्रार घेऊन लोक येतात. ही तक्रार मी पहिल्यांदाच ऐकतोय."

४

ताईला विचारलं तर ती बोलायचं टाळायची. शेवटी एकदा शिवत बसली असताना मान वर न करता म्हणाली, "दमते गं मी. खूप दमते. पण झोपेत उतरायची एक पायरी असते ना, तीच कुणीतरी काढून नेलीय. पाय टाकते आणि पुन्हा वरच असते."

धाकटीने झोपेच्या गोळ्या आणल्या. ताईचं अंग सैल पडलं, श्वास संथ झाला, डोळे मात्र उघडेच राहिले. उठल्यावर म्हणाली, "अंग झोपलं. मी आत एकटी बसून होते. पुन्हा नको देऊस."

त्याच दुपारी धाकटी जेवून प्रयोगशाळेत निघाली असताना जिन्यात थबकली. घरात फारच शांतता होती. पाळणाघरातली दुपारची शांतता ती ओळखत होती. तिच्यात घोरणं असतं, नाकं वाजणं असतं, झोपेतलं एखादं हुंकारणं असतं. यातलं काहीच नव्हतं.

तिने दार हलकेच लोटलं.

चटयांवर पोरं ओळीने निजली होती. हात पोटावर, पाय सरळ. सगळ्यांचे डोळे उघडे. कुणी रडत नव्हतं, चुळबुळत नव्हतं. ती छताकडे बघत होती, आणि छतावर बघण्यासारखं काही नव्हतं. मधोमध ताई बसली होती आणि जवळच्या पोराच्या पाठीवर थोपटत होती. थोपटत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"मावशी," ते पोर अगदी समजूतदार आवाजात म्हणालं, "तुम्ही थांबा आता. येत नाही ती."

संध्याकाळी एका मुलीची आई तिला न्यायला आली. "काय जादू केलीत हो मावशी," ती म्हणाली, "हल्ली घरी आल्यावरसुद्धा किरकिर म्हणून नाही. नुसती बघत बसते."

ताईने सगळ्या आयांना सांगितलं, माझी तब्येत पुन्हा बिघडलीय, उद्यापासून पोरांना पाठवू नका. चटया गुंडाळल्या. पुढच्या आठवड्यात निरोप आला की पोरं आपापल्या घरी नीट झोपायला लागली आहेत. ते ऐकून ताईने पदराने डोळे पुसले आणि त्याच दिवशी भावोजींची पिशवी भरून त्यांना त्यांच्या भावाकडे पाठवून दिलं. ते दारात अडून राहिले. ती म्हणाली, "जा हो. कुणीतरी झोपा. मला तेवढंच बरं वाटेल."

धाकटीची पिशवीही तिने भरली होती. धाकटीने ती रिकामी केली.

५

"माझं दुखणं मला परत दे," ताई म्हणाली.

सकाळची वेळ होती. खिडकीतून ऊन तिच्या हातांवर पडलं होतं. हात इतके वाळले होते की उन्हात बोटांच्या कडा तांबूस, पारदर्शक दिसत होत्या. छाती स्वच्छ होती. रक्त चांगलं होतं. सगळे कागद चांगले होते, आणि झोपेवाचून ताई दिवसागणिक संपत चालली होती.

"वेड लागलंय का तुला?"

"तू ठेवलंयस ना थोडं? पूर्वीचं, माझ्या छातीतलं. तू काही टाकत नाहीस, मला माहीत आहे." ताईने तिचा हात धरला. "तुझ्या त्या प्राण्याला झोपलेलं कुणीतरी लागतं. माझ्यातले संपले, मग तो मला लागला. त्याला त्याचे परत दे. मग मला सोडेल."

"तसं नसतं गं. तो माणसाला लागत नाही. लागूच शकत नाही."

"बरं. नसेल तसं. पण मी खोकत होते तेव्हा झोपत होते की नाही?"

"तू मरशील त्याने."

"झोपून मरेन," ताई म्हणाली.

प्रयोगशाळेकडे जाताना धाकटी स्वतःशी भांडत होती. विषाणूला मन नसतं. भूक नसते. त्याला कुलूप ठाऊक असतं, एकाच जातीच्या जिवाणूचं, आणि त्या कुलपापुरतीच त्याची किल्ली. हे ती दुसऱ्यांना शिकवू शकली असती. तरी तिचे पाय डीप फ्रीजरपाशी जाऊन थांबले. उपचारांआधीचा नमुना तिथे होता. तिथल्या गारठ्यात काहीच हलत नाही. जिवाणू वर्षानुवर्षं गोठून निजतात. जगात यापेक्षा गाढ झोप नाही.

ती हातमोजे चढवत असताना मोठे डॉक्टर दारातून डोकावले. "किती वेळ आहेस इथे? घरी जा. आरशात डोळे बघ जरा आपले."

"जाते, सर. एवढं झालं की जाते."

"ताई कशी आहे?"

"शांत आहे," ती म्हणाली, आणि तोंडातून निघालेला तो शब्द तिला ओळखीचा वाटला.

ते गेल्यावर तिने झाकण उघडलं. पांढरी वाफ जमिनीवर उतरली. डबा बाहेर काढला. त्यावर बोटभर बर्फ साचला होता, तो खरवडला. आत इवल्या कुप्यांच्या रांगा, सगळ्या दगडासारख्या गोठलेल्या. ताईची कुपी तिने चिमटीत धरून उजेडाकडे नेली.

ती गोठलेली नव्हती. आत गढूळ पाणी होतं आणि ते हळूहळू फिरत होतं.

तिने ती परत ठेवली. झटकन नाही, एखाद्याला जाग येऊ नये अशी जपून ठेवली, आणि आपण कुणाला जपतोय हे तिच्या लक्षात आलं. या कुपीला विषाणूने कधी स्पर्श केला नव्हता. त्या पहिल्या कंट्रोललाही केला नव्हता. ती नुसती शेजारी उभी होती. रात्रभर जागत्यांच्या शेजारी.

मग डब्यात बारीक टक् असा आवाज झाला. शेजारच्या कुपीवरचा बर्फ तडकला होता. मग तिच्या शेजारच्या.

तिने झाकण लावलं आणि घरचा रस्ता धरला. ताईला द्यायला झोप तिच्याकडे उरली नव्हती. कुठेच उरली नव्हती.

६

ताईने तिला विचारलं नाही. तिच्या रिकाम्या हातांकडे बघितलं आणि पलंगावर थोडी सरकून तिच्यासाठी जागा केली.

त्यानंतर ती फार थोडे दिवस होती. एका दुपारी, रस्त्यावर शाळा सुटल्याचा गलका चालू असताना, तिचा श्वास अडखळला, पुन्हा आला, आणि मग आला नाही. मोठे डॉक्टर स्वतः आले. त्यांनी नाडी बघितली, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, डोळ्यांत बॅटरी मारली. धाकटीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गेली गं. डोळे मीट तिचे." भावोजींना त्यांच्या भावाकडून बोलावून आणायला ते गेले.

धाकटीने पापण्या खाली ओढल्या. त्या वर आल्या. तिने पुन्हा ओढल्या. असं होतं कधी कधी, मेल्यावर स्नायू लगेच सैल पडत नाहीत. तिने ताईच्या डोळ्यांवर आपला तळवा ठेवला आणि तसाच धरून राहिली. दुसऱ्या हाताने ती तिला थोपटू लागली. ताई थोपटायची तसंच, दोन थापा जड, एक हलकी, दोन जड, एक हलकी.

"झोप आता," ती म्हणाली. "मी आहे इथे. झोप."

खाली दुकानात कागदाची बारीक कुरकुर चालू होती. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं. अंग गार पडत चाललं होतं, कपाळ, मान, खांदा. डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं.

आणि तळव्याखाली काहीतरी हललं. अगदी हलकं. पिसाचं टोक फिरावं तसं, एकदा वर, एकदा खाली.

*पापण्या हलायच्या तुझ्या. मला दिसायचं सगळं.*

धाकटीने हात उचलला नाही. हात उचलला असता तर बघावं लागलं असतं. ती थोपटत राहिली. मी सोंग घेते, ती मनात म्हणाली. मला काही कळलं नाही. तू जा, ताई. तुला जायचंय ना? जा.

तेवढ्यात तिच्या गुडघ्यावर भार पडला. चादरीवरचा ताईचा हात कधी सरकून आला तिला कळलं नव्हतं. तो गार होता, ओल्या मातीसारखा गार. आधी नुसताच पडून राहिला. मग बोटं उचलली गेली आणि तिला थोपटू लागली.

दोन जड, एक हलकी.

रस्त्यावरचा गलका थांबला होता. जिन्यावर भावोजींची पावलं वाजू लागली होती, जड, दर पायरीला थांबणारी. धाकटी लहानपणी करायची तशी ताईशेजारी कुशीवर आडवी झाली, पाय पोटाशी घेतले आणि डोळे मिटून घेतले, ताईला उशीर होऊ नये म्हणून.

पापण्या हलू नयेत यासाठी तिने खूप जोर लावला.